मासे आहेत, पण कोणते?

घाण ओढ्यातले मासे मोजायचे म्हटले की समोरून पहिला प्रश्न ठरलेला येतो: तिथे मासे असतात तरी का? असतात. सांडपाण्याने काळ्या पडलेल्या नदीच्या पुलावरही संध्याकाळी गळ टाकून बसलेली माणसे दिसतात आणि त्यांच्या पिशवीत चिलापी असते, कधी मागूरही. मग लगेच दुसरा प्रश्न येतो: मासे आहेत म्हणजे पाणी फारसे वाईट नसावे, नाही का? हे दोन्ही प्रश्न एकाच गैरसमजातून येतात. माशांचे असणे आणि नसणे एवढ्या दोनच खुणांनी नदीची प्रकृती कळेल, असे दोन्हींत गृहीत धरलेले असते. या पुस्तिकेत ओढ्यातले मासे पकडण्याच्या, ओळखण्याच्या, मोजण्याच्या आणि परत सोडण्याच्या पद्धती दिल्या आहेत. त्या वाचण्याआधी एक गोष्ट पटायला हवी. ती पटवण्यासाठीच ही लांबलेली प्रस्तावना आहे. कोणत्या जातीचे, किती, कोणत्या वयाचे आणि किती खटपटीनंतर सापडले, ही चार उत्तरे एकत्र असतील तरच माशांची मोजणी काही सांगते. यातले एक जरी गळले तरी हातात उरते ती फक्त नावांची यादी. आणि यादीवरून वाद घालता येतो, निष्कर्ष काढता येत नाही.

यादीचे मोल कमी लेखायचे नाही. दख्खनच्या बाबतीत तर आपण भाग्यवान आहोत. 1824 ते 1831 या काळात मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून कर्नल विल्यम हेन्री साइक्स या मुलखात फिरला. 1840 च्या सुमारास त्याने दख्खनच्या माशांवर लिहिलेला निबंध लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीने छापला. त्यात चाळीसहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच शास्त्राला तोवर ठाऊक नव्हत्या. मराठी वाचकाने थांबून पाहावे अशी गोष्ट म्हणजे साइक्सने या माशांना दिलेली नावे. त्याने नदीकाठी जे ऐकले तेच लॅटिन साच्यात बसवले. म्हणून महाशीराच्या एका जातीचे जगभरचे शास्त्रीय नाव आजही 'टोर खुद्री' आहे. दगडाला चिकटणारा मळ्या 'गारा मल्या' झाला, शिंगटा 'मिस्टस सींगटी' झाला आणि कोळशी 'कोलस' या नावाने संग्रहालयाच्या बरणीत गेली. खुद्रीचा मूळ नमुना मिळाला तो पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेत. आज ज्या पट्ट्यातून महाशीर गळाला लागण्याची कल्पनाही कोणी करणार नाही, तोच या जातीचा शास्त्रीय जन्मगाव आहे. साइक्सनंतर 1942 साली फ्रेझरने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात पुण्याच्या माशांची यादी दिली, 1944 साली सूटरने तीत भर घातली, 1963 साली टोणपी आणि मुल्हेरकर यांनी नव्याने नोंदी केल्या आणि 2003 साली वाघ व घाटे यांनी मुळा आणि मुठा या दोन नद्यांचा आढावा घेतला. एका शहराच्या नद्यांबद्दल पावणेदोनशे वर्षांची अशी साखळी भारतात सहसा सापडत नाही.

तरीही या साखळीला एक प्रश्न विचारला की ती गप्प होते. साइक्सच्या काळात मुळा-मुठेत खुद्री किती होते? जाळ्याच्या दहा फेकींत एक मिळे, की प्रत्येक फेकीत? जुन्या यादीत असलेली आणि नव्या यादीत नसलेली जात नदीतून गेली, की नव्या माणसाने त्या डोहात जाळे टाकलेच नाही? जुने अभ्यासक कमी पडले असे यातून म्हणायचे नाही. त्यांना नवे मासे शोधायचे होते आणि ते काम त्यांनी चोख केले. पण त्यांच्या नोंदींवर आपण वेगळेच ओझे टाकतो. 'पूर्वी इतक्या जाती होत्या, आता इतक्याच उरल्या' अशी वजाबाकी वर्तमानपत्रांत छापून येते, तेव्हा त्या दोन आकड्यांमागचे श्रम सारखे होते का हे कोणी विचारत नाही. एका यादीमागे वर्षभराच्या फेऱ्या आणि मासळी बाजाराच्या चकरा असू शकतात, दुसऱ्या यादीमागे चार रविवार. वजाबाकीचे उत्तर खरेही असेल, पण ते सिद्ध झालेले नसते. सांडपाणी सोडणाऱ्याच्या वकिलाला एवढी फट पुरते.

आता मुख्य आक्षेपाकडे येऊ. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळा आहेत, मापदंड आहेत, आकडे आहेत. मग माशांच्या मागे का लागायचे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2022 साली देशातले 311 प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांतले 55 महाराष्ट्रातले होते, म्हणजे इतर कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. हे पट्टे ठरवले गेले ते बीओडी या एका मापावर, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात त्यावर. लिटरला 3 मिलिग्रॅमच्या वर गेले की पट्टा यादीत. हे माप उपयोगाचे आहे यात शंका नाही. पण ते एका बाटलीचे माप आहे, आणि ती बाटली कोणीतरी कचेरीच्या वेळात भरलेली असते. सांडपाण्याने पोसलेल्या ओढ्यात शेवाळ माजते. दुपारच्या उन्हात हे शेवाळ इतका प्राणवायू सोडते की मोजणारा चकित व्हावा. रात्री तेच शेवाळ प्राणवायू ओढून घेते, आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास पाणी जवळपास रिकामे होते. मासा मरतो तो पहाटे, नमुना भरला जातो तो दुपारी. 30 अंश तापमानाला स्वच्छ पाण्यातसुद्धा लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच प्राणवायू विरघळतो, म्हणजे एप्रिल-मेमध्ये मुळात हातचे राखलेले काही नसते. अमोनियाचेही तसेच. मंडळाच्या वर्गवारीत वन्यजीव आणि मत्स्योत्पादनासाठीचे पाणी 'ड' वर्गात येते. तिथे प्राणवायू किमान 4 मिलिग्रॅम आणि मुक्त अमोनिया कमाल 1.2 मिलिग्रॅम अशी अट आहे. पण एकूण अमोनियाचा किती भाग मुक्त, म्हणजे विषारी रूपात असेल, हे पाण्याच्या सामूवर आणि तापमानावर ठरते. शेवाळामुळे दुपारी सामू चढतो, ऊनही चढते आणि सकाळी निरुपद्रवी असलेला अमोनिया दुपारी कल्ल्यांना भाजू लागतो. एकाच ओढ्यात पहाटे गुदमरणे आणि दुपारी विष, असा हा दिवसाचा फेरा असतो. बाटलीत यातला एक क्षण येतो. मासा चोवीस तास, बारा महिने तिथेच असतो आणि जे घडले ते त्याच्या अंगावर, त्याच्या वाढीत आणि त्याच्या पिल्लांच्या संख्येत उमटते.

हा नुसता तर्क नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्याने माशांच्या आणि जलकीटकांच्या मोजणीला 1990 साली पाण्याच्या कायदेशीर मापदंडांत स्थान दिले, कारण शेकडो पट्ट्यांवर दोन्ही तपासण्या शेजारीशेजारी ठेवून पाहिल्यावर एक अवघड गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती. जवळजवळ निम्म्या ठिकाणी रासायनिक तपासणी 'सर्व ठीक' म्हणत होती आणि जीवसृष्टी बिघडलेली होती. याच्या मुळाशी जीवशास्त्रज्ञ जेम्स कार यांनी 1981 साली मांडलेली पद्धत होती. त्यांनी बारा निकष घेतले: एकूण जाती किती, तळाशी राहणाऱ्या किती, प्रदूषण सोसणाऱ्यांचे प्रमाण किती, मिळेल ते खाणारे किती, किडेच खाणारे किती, जखमा, गाठी वा व्यंग असलेले मासे किती, अशा प्रकारचे. प्रत्येकाला 1, 3 किंवा 5 गुण, बेरीज 12 ते 60. हे गुणांकन इलिनॉय-इंडियानाच्या ओढ्यांसाठी बसवलेले आहे. सह्याद्रीच्या ओढ्यावर ते जसेच्या तसे लादणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा अंगात घालणे होय. तिथल्या माशांचे गट इथे नाहीत, इथला चार महिन्यांचा पाऊस आणि आठ महिन्यांची ओढ तिथे नाही. घेण्यासारखी आहे ती त्यामागची रीत: आधी आपल्याच मुलखातला बऱ्यापैकी शाबूत ओढा शोधायचा, तिथे काय असते ते मोजायचे, आणि बिघडलेला ओढा त्याच्याशी ताडून पाहायचा. युरोपीय संघाच्या 2000 सालच्या जलविषयक कायद्याने नद्यांची स्थिती ठरवताना माशांच्या जाती, संख्या आणि वयोरचना या तिन्ही गोष्टी मागितल्या आहेत. त्यातले वयोरचना हे कलम आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित आहे.

वयाचा मुद्दा थोडा उलगडायला हवा. शहराच्या वर धरण असेल तर पावसाळ्यात विसर्गाबरोबर मोठे मासे खाली येतात. पुणेकरांच्या डोक्यावर खडकवासला, पानशेत, वरसगाव, मुळशी, पवना अशी धरणांची माळच आहे. खाली आलेला असा मासा शहरातल्या पट्ट्यात काही महिने तग धरतो, जाळ्यात सापडतो आणि यादीत त्या जातीपुढे बरोबरची खूण पडते. पण सगळेच मासे एका हाताएवढे आणि बोटभर पिल्लू एकही नाही, असे दिसले तर ती जात तिथे राहत नाही, तिथून वाहत जाते आहे. उलट मळ्यासारख्या, वाहत्या पाण्यातल्या स्वच्छ दगडांवर जगणाऱ्या लहान माशाची पिल्ले दोन वर्षे लागोपाठ सापडली, तर त्या ओढ्याबद्दल प्रयोगशाळेच्या दहा अहवालांपेक्षा जास्त कळते. चिलापीबद्दल मात्र हा हिशेब फिरवून वाचावा लागतो. 1952 साली भारतात आणलेली ही आफ्रिकेची मासळी कमी प्राणवायूत तगते, वर्षातून अनेकदा वीण देते आणि मादी पिल्लांना तोंडात सांभाळते. मागूर आणि मरळ तर वर येऊन थेट हवा घेतात. पाण्यात प्राणवायू असो-नसो, त्यांचे फारसे अडत नाही. म्हणून 'मुबलक मासे, सर्व वयांचे' असा शेरा चिलापीच्या ओढ्यालाही लागू पडेल. पुलावरच्या गळवाल्याच्या पिशवीवरून नदीला प्रमाणपत्र देणारे नेमके इथे फसतात.

यावर अभ्यासू वाचक म्हणेल की, मान्य, पण माशांचे जाणे फक्त प्रदूषणामुळे थोडेच असते? धरणे आहेत, वाळूउपसा आहे, बाहेरून आणलेल्या जाती आहेत, बेसुमार जाळी आहेत. मासे कमी झाले म्हणून सांडपाण्याला दोषी कसे धरणार? हा आक्षेप खरा आहे आणि मोजणीची आखणी त्याच्याच धाकाने करायला हवी. उत्तर जागांच्या निवडीत आहे. नाला जिथे ओढ्याला मिळतो त्याच्या वर आणि खाली, तळ सारखा, रुंदी सारखी, सावली सारखी, अशा जोड्या निवडायच्या. धरण दोन्हींच्या वरच असेल, चिलापी दोन्हीकडे असेल, वाळूउपशाची स्थिती दोन्हीकडे तीच असेल. तरीही वर चौदा जाती आणि खाली तीन निघत असतील, तर तो फरक बहुतेक त्या नाल्याचाच. एका जोडीवरून शपथ घेऊ नये, पाच जोड्यांवरून बोलावे. शिवाय आणखी एक गुंता आहे, त्याची फारशी चर्चा होत नाही. सांडपाण्याने आपल्या ओढ्यांचे पाणी वाढवलेही आहे. मुळात पुण्याभोवतीचे बरेच ओढे उन्हाळ्यात आटून डोहांपुरते उरत. आता ते बारमाही वाहतात आणि ते पाणी घराघरांतल्या मोऱ्यांचे असते. तेव्हा 'पूर्वीचा ओढा' म्हणून मनात धरलेले खळाळते चित्र मे महिन्यासाठी तरी खोटे आहे. तुलनेचा ओढा निवडताना उन्हाळ्यात वाळणारा ओढा निवडायला घाबरू नये.

माणसाने सोडलेले मासे हाही असाच एक गुंता. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून महाशीराची पैदास झाली आणि ते बीज अनेक राज्यांत गेले. काम मोठेच होते. पण इथला खुद्री कावेरीत सोडला गेला आणि तिथल्या स्थानिक कुबड्या महाशीराची जागा त्याने व्यापली. शिवाय कटला, रोहू, मृगळ यांचे बीज दरवर्षी तलावांत सोडले जाते आणि पुरात ते नद्यांत येते. मोजणीच्या वहीत या जातींचा रकाना वेगळा ठेवावा. त्यांची संख्या मत्स्यबीज वाटणाऱ्याबद्दल सांगते, पाण्याबद्दल नाही.

प्रत्यक्ष मोजणीच्या पद्धती पुढे सविस्तर आहेत, इथे फक्त घाण पाणी त्या पद्धतींशी काय खेळ करते ते सांगतो. जाळ्याची मोजणी सर्वांना माहीत आहे. फेकजाळे असो वा उभे जाळे, आस, म्हणजे जाळ्याचे भोक, किती मिलिमीटरची, फेकी किती, तास किती, माणसे किती, हे लिहिले तरच दोन फेऱ्यांची तुलना होते. फक्त मोठ्या आसेचे जाळे वापरणाऱ्याला ओढ्यात लहान मासे कधीच दिसणार नाहीत, आणि ओढ्यातले बहुतेक मासे लहानच असतात. परदेशात प्रचलित असलेली पद्धत विजेची आहे: पाण्यात सौम्य, खंडित विद्युतप्रवाह सोडून मासे क्षणभर गुंगवायचे, झेलायचे, मोजून सोडायचे. ओढ्याचा तुकडा दोन्हीकडून जाळ्याने बंद करून लागोपाठ फेऱ्या मारल्या तर घटत्या पकडीवरून एकूण संख्या काढता येते. 1967 साली सेबर आणि ल क्रेन यांनी दिलेले दोन फेऱ्यांचे सूत्र शाळकरी मुलालाही जमेल: पहिल्या पकडीचा वर्ग, भागिले दोन्ही पकडींतला फरक. पहिल्या फेरीत 60 आणि दुसरीत 30 मासे मिळाले तर अंदाज 120. आता पाणी काळे आहे असे समजा. गुंगलेला मासा वर येतो पण दिसत नाही, दुसऱ्या फेरीत दिसतो. पहिल्यांदा 60, नंतर 55. सूत्र सांगते 720! मासे सहापट झाले नाहीत, पाणी गढूळ झाले. शिवाय सांडपाण्यातल्या क्षारांमुळे पाण्याची विद्युतवाहकता वाढते आणि प्रवाह माशाच्या अंगातून जाण्याऐवजी भोवतीच्या पाण्यातूनच निघून जातो. स्वच्छ ओढ्यासाठी जुळवलेले यंत्र घाण ओढ्यात कमी मासे दाखवते, आणि ते कमी मासे प्रदूषणाच्या खात्यावर टाकण्याचा मोह होतो. हेतू कितीही चांगला असला तरी तो आकडा चुकीचाच.

हल्ली या सगळ्या खटाटोपाऐवजी पाण्यातला डीएनए तपासा असे सुचवले जाते. लिटरभर पाणी गाळा आणि त्यातल्या पेशींच्या अवशेषांवरून जाती ओळखा, म्हणजे चिखलात उतरायला नको, मासा मारायला नको. स्वच्छ डोंगरी ओढ्यात, दुर्मीळ जातीचा मागमूस काढायला, ही पद्धत उत्तमच. पण शहराच्या सांडपाण्यात मासळी बाजार धुतल्याचे पाणी असते, घरोघरी बांगडा आणि रोहू साफ केल्याचे पाणी असते. त्या ओढ्याच्या डीएनएत अरबी समुद्रातला बांगडा सापडला तर नवल वाटू नये. आणि माशाचे वय, त्याच्या कल्ल्यांवरची जखम, पिल्लांची संख्या हे त्यातून कळतच नाही.

जलकीटक मोजणे सोपे असते, ते हलत नाहीत, मग मासेच कशाला, असेही विचारले जाते. कीटक जरूर मोजावेत, केंद्रीय मंडळाची स्वतःची जैविक वर्गवारी त्यांच्यावरच बेतलेली आहे. मासे मोजायचे ते यासाठी की ते जास्त वर्षे जगतात, विणीसाठी हलतात आणि लोक त्यांना नावाने ओळखतात. पहिल्या पावसात ओढ्यांत वर चढणारे 'चढणीचे मासे' हे आपल्या गावांना सांगावे लागत नाहीत. एखाद्या ओढ्यात चढण थांबली हे कोळ्या-भोयांना आधी कळते आणि अहवालाला दहा वर्षांनी. साइक्सला नावे देणारे हेच लोक होते. त्यांच्या आठवणी पुरावा म्हणून जशाच्या तशा घेता येणार नाहीत, पण कोणत्या डोहात आणि कोणत्या महिन्यात पाहावे याची त्यांच्याइतकी माहिती कोणाकडे नाही. मोजणीच्या पथकात त्यांना वाटाड्या म्हणून नेऊन परत पाठवण्यापेक्षा वहीवर त्यांचेही नाव असावे.

सगळ्यात कठीण नोंद शून्याची. दिवसभर गाळ तुडवून एकही मासा मिळाला नाही, तर पथकाला वाटते की दिवस फुकट गेला, आणि ती फेरी वहीत चढत नाही. प्रत्यक्षात तीच फेरी मोलाची असते, फक्त ती एकटी पुरत नाही. एखादी जात ओढ्यात आहे आणि एका फेरीत ती सापडण्याची शक्यता 30 टक्के आहे असे धरा. पाच फेऱ्या रिकाम्या गेल्या तरी ती तिथे असूनही हुकल्याची शक्यता सुमारे 17 टक्के उरते. ती 5 टक्क्यांच्या खाली आणायला नऊ फेऱ्या लागतात. 'नामशेष' हा शब्द किती स्वस्तात वापरला जातो हे या आकडेमोडीवरून दिसेल. शून्य लिहून ठेवल्याने काय साधते ते लंडनमध्ये दिसले. थेम्सच्या शहरी पट्ट्यात 1950 च्या दशकात ईलवाचून मासा उरला नव्हता, हे नोंदवलेले होते. म्हणून पुढे वीजकेंद्रांत यंत्रे थंड करायला घेतलेल्या पाण्याच्या चाळण्यांवर अडकणारे मासे मत्स्यशास्त्रज्ञ ॲल्विन व्हीलर यांनी चिकाटीने नोंदवायला घेतले, तेव्हा प्रत्येक नवी जात परत आल्याचे ठामपणे म्हणता आले. 1974 साली अशाच एका चाळणीवर सामन मिळाला, तो बातमी ठरला, कारण त्याच्याआधीची पोकळी कागदावर होती. आपल्या नद्यांवर सांडपाणी प्रक्रियेसाठी मोठा खर्च होतो आहे. उद्या पाणी सुधारलेच, तर ते कशाच्या तुलनेत सुधारले हे सांगायला आजचे शून्य तारीख, वेळ, जाळ्याची आस आणि फेकींच्या संख्येसह लिहिलेले हवे.

कायद्याच्या बाजूने एक गंमत नोंदवून आवरतो. 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्याने पाण्यात विष कालवणे गुन्हा ठरवले, पण ते मासे मारण्याच्या किंवा पकडण्याच्या हेतूने कालवले तरच. हेतू नसताना मेलेल्या माशांची दखल घ्यायला 1974 चा जलप्रदूषण कायदा यावा लागला. त्या कायद्याखाली आज जे नमुने घेतले जातात ते पाण्याचे असतात. पहाटे उलटे तरंगणारे मासे दुपारपर्यंत वाहून जातात किंवा घारी-कावळे उचलतात. म्हणून या पुस्तिकेतला नोंदीचा तक्ता उघडाल, तेव्हा पहिल्या रकान्यात वेळ लिहा, आणि वर्षातून निदान दोनदा, एप्रिल-मेमध्ये आणि पाऊस ओसरल्यावर, ती वेळ पहाटे साडेचारची असू द्या. बूट गुडघ्याच्या वरचे घ्या, हातमोजे विसरू नका, पायाला जखम असेल तर त्या दिवशी काठावर बसून वही सांभाळा.